जांभळाचं बी पाकिटात मिळत नाही

पावसाळा तोंडावर आला की झाडं लावण्याच्या गोष्टी सुरू होतात आणि त्यांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. सोसायटीच्या सभेत तो ऐकू येतो, टेकडीवर श्रमदानाला जमलेल्या मंडळींत ऐकू येतो, वर्तमानपत्राच्या पुरवणीतही छापून येतो. घरी बिया पेरून देशी झाडं वाढवण्याच्या फंदात पडू नका, असा तो सल्ला. जांभूळ, उंडी, सुरंगी, बकुळ, सीताअशोक ही सदाहरित झाडं घरी उगवत नाहीत, उगवली तर वाढत नाहीत, आणि वाढली तरी लावायला जागा नसते. ते काम रोपवाटिकांचं आणि वनखात्याचं. तुम्ही चांगलं डोक्याएवढं उंच रोप विकत आणा, खड्डा करा, लावा आणि पाणी घाला.

हा सल्ला देणारी माणसं झाडांची शत्रू नाहीत. त्यांतल्या काहींनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झाडं जगवलेली आहेत. म्हणून तर लोक त्यांचं ऐकतात, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. बाकीची झाडं खुशाल रोपवाटिकांवर सोपवा. पण सह्याद्रीतली आणि कोकणातली सदाहरित झाडं घराघरांतच रुजवली पाहिजेत. त्यातल्या बहुतेकांचं बी साठवता येत नाही, आणि जे साठवता येत नाही ते बाजारात फार काळ तग धरत नाही.

बियांचे ढोबळमानाने दोन स्वभाव असतात. खैर, शिरीष, बहावा, साग ही आपल्या पानगळीच्या रानातली झाडं. त्यांच्या शेंगा आणि फळं हिवाळ्या-उन्हाळ्यात पिकतात, वाळतात, आणि बी जमिनीवर येतं तेव्हा पाऊस अजून लांब असतो. एवढे दिवस रखरखीत उन्हात काढायचे तर बी आतून कोरडं आणि बाहेरून टणक हवं. ते तसंच असतं. बहाव्याचं बी गरम पाण्यात भिजवल्याशिवाय किंवा कानशीने घासल्याशिवाय त्यात पाणीसुद्धा शिरायला मागत नाही. असं बी डब्यात घालून फडताळात टाका, दोन-चार वर्षांनी काढा, तरी उगवतं.

सदाहरित रानाची रीत वेगळी. जांभूळ पिकतं मेअखेरीस आणि जूनमध्ये. कोकमाचे रातांबे, फणस, रायवळ आंबे यांचा हंगामही पावसाला येऊन भिडतो. बी पडतं ते ओल्या, सावलीतल्या, पाल्याने झाकलेल्या जमिनीवर, आणि थोड्याच दिवसांत मूळ सोडतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याला थांबायची वेळ आलीच नाही, म्हणून थांबायची तजवीजही त्याच्यापाशी नाही. झाडावरून सुटतानाच ते पाण्याने भरलेलं असतं. ते पाणी आटलं की आतला जीव गेला. जांभळाचं धुतलेलं बी उघड्या हवेत दोन आठवडे राहिलं तर त्यातलं फार थोडं शिल्लक राहतं. उंडीचं बी जाड कवचाच्या आत असतं, त्यामुळे ते जरा जास्त टिकतं. बकुळीचं त्यातल्या त्यात सोशिक. पण ताज्या बीला तोड नाही, हे या सगळ्यांच्या बाबतीत खरं.

वाळवून टिकणारं आणि वाळवलं की मरणारं, अशी बियांची विभागणी ई. एच. रॉबर्ट्स या बीजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात डोंगराच्या पोटात २००८ साली जगभरच्या बियाण्यांची तिजोरी उघडली. तिथे उणे १८ अंशांवर धान्य-कडधान्यांची बियाणी पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेली आहेत. ज्वारी तिथे राहू शकते, हरभरा राहू शकतो. आपलं जांभूळ, आपला फणस, आपला आंबा बीच्या रूपात तिथे ठेवताच येत नाही. वाळवलं तर मरतं, न वाळवता गोठवलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. जगातल्या सगळ्यात भक्कम तिजोरीला जे जमत नाही, ते गावच्या रोपवाटिकेच्या गोदामाला जमेल अशी अपेक्षा आपण धरून बसलो आहोत.

रोपवाटिका चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला बी हवं ते पोत्यात भरून ठेवता येणारं, मागणी येईल तेव्हा पेरता येणारं आणि एकदम उगवणारं. गुलमोहर या कसोटीला उतरतो, सुबाभूळ उतरते, ऑस्ट्रेलियन बाभूळ उतरते. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, तिसरीचं मूळ तिच्या नावातच आहे. तिघांचंही बी कोरडं, कडक आणि वर्षानुवर्षं टिकणारं. या झाडांनी आपले रस्ते आणि कोकणातल्या सड्यांच्या कडा व्यापल्या त्याला आणखीही कारणं आहेत. ती भरभर वाढतात, गुरं त्यांतल्या काहींना तोंड लावत नाहीत, गुलमोहर दिसायलाही सुंदर. पण बी साठवता येण्याची सोय हे मोठं कारण आहे आणि ते क्वचितच कोणी बोलून दाखवतं. आपल्या शहरांत कोणती झाडं असावीत याचा निवाडा बऱ्याच अंशी गोदामाने केला आहे.

राज्य सरकारने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. त्या मोहिमेच्या यशापयशावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यातला एवढाच मुद्दा घ्यायचा आहे, की लक्ष्य कोटींत गेलं की बी पोत्यांनी लागतं, आणि ते ठरलेल्या तारखेला रोप होऊन उभं असावं लागतं. सुरंगीचं किंवा सीताअशोकाचं बी पोत्यांनी कोणी आणायचं आणि कुठून? ते मिळतं ओंजळीने, एखाद्या देवळामागच्या झाडाखाली, वर्षातल्या मोजक्या दिवसांत. ओंजळभर बी घेऊन लगोलग पेरायला जो तयार असेल त्याच्याच उपयोगाचं ते आहे, आणि असा माणूस झाडाच्या शेजारी राहणाराच असणार.

आता एकेका आक्षेपाकडे वळतो. पहिला, की ही झाडं घरी उगवत नाहीत.

हे म्हणणाऱ्यांनी बी कसं पेरलं होतं, ते त्यांना विचारावं. बहुतेकदा उत्तर एकच येतं. मे महिन्यात गावाहून येताना बिया कागदात बांधून आणल्या, खिडकीत ठेवल्या, चांगला पाऊस लागल्यावर जुलैत पेरल्या. त्या बिया कुंडीत पडायच्या आधीच मेलेल्या होत्या. भाजीपाल्याचं, धान्याचं बी खडखडीत वाळवून ठेवायचं ही आपल्या घरांतली पिढीजात शिकवण आहे, आणि ती त्या बियांसाठी बरोबरच आहे. तीच शिकवण जांभळाला लावली की जांभूळ मरतं. कोकणात रातांब्याची साल आमसुलासाठी जाते आणि बिया मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, काढायला उन्हात घालतात. त्या वाळत घातलेल्या बियांतली मूठभर उचलून पेरली तर एकही वर येणार नाही. ताज्या रातांब्यातली, गर धुऊन त्याच दिवशी मातीत टाकलेली बी मात्र येते, सावकाश पण येते.

जांभळापासून सुरुवात करावी, कारण ते सगळ्यांत उदार आहे. खाऊन झालेल्या बिया वाडग्यातल्या पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या काढून टाकायच्या. उरलेल्यांवरचा गर वाळूत किंवा राखेत चोळून काढायचा, कारण गर राहिला की बुरशी धरते आणि मुंग्याही येतात. स्वच्छ झालेलं बी फिकट, जरासं सुरकुतलेलं आणि हाताला गार लागतं. त्याच दिवशी आडवं ठेवून त्याच्या स्वतःच्या जाडीएवढ्या मातीखाली झाकायचं. त्याहून खोल नको. माती निथळणारी हवी. निम्मी साधी माती, बाकी वाळू आणि पुरतं कुजलेलं शेणखत किंवा पाल्याचं खत. वर जुनी जाळी टाकायची, नाहीतर खारी उकरून काढतात. दोन-तीन आठवड्यांत माती उचलली जाते आणि तांबूस कोंब वर येतो. पुष्कळदा एकाच बीतून दोन-तीन कोंब येतात. ते सगळे ठेवू नयेत. चार पानांवर आले की जोमदार एक ठेवून बाकीचे हलक्या हाताने वेगळे करून दुसऱ्या पिशवीत लावावेत. तेही बहुधा जगतात. ज्याने आयुष्यात कधी काही पेरलेलं नाही त्याच्याकडूनही हे होतं, मी होताना पाहिलं आहे.

सीताअशोकाचं जरा जपून. शेंग झाडावरच तडकू लागली की त्यातल्या चपट्या तपकिरी बिया घ्याव्यात आणि फार तर दोन-तीन दिवसांत पेराव्यात. किडीने पोखरलेल्या बिया खूप निघतात, त्या भोकावरून ओळखू येतात. रोप वर आल्यावर खरी परीक्षा माणसाची असते. अशोकाची कोवळी पालवी तांबूस, लुळी आणि खाली लोंबणारी असते, ओल्या फडक्यासारखी. पाहणाऱ्याला वाटतं रोप पाण्यावाचून मान टाकतंय. मग सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं जातं आणि मुळं कुजतात. ती पालवी तशीच असते, काही दिवसांनी आपोआप हिरवी होऊन ताठ होते. ‘घरी अशोक जगत नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी तो असा प्रेमापोटी पाण्यात बुडवला असेल! आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हे झाड ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेलं आहे. अशोकारिष्टासाठी त्याची साल खरवडली गेली, रानं तुटली. आणि आपल्या सोसायट्यांच्या भिंतीलगत ओळीने उभा असतो तो उंच, सरळसोट खोटा अशोक. खरा अशोक लावायला हवा हे सगळ्यांना पटतं. त्याचं बी पेरायला मात्र कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप अलीकडचा. घरी एकेक बी जपत बसण्यापेक्षा सीडबॉल करा, हजारोंनी डोंगरावर फेका, निसर्ग आपलं पाहून घेईल. शाळांत, कंपन्यांत मे महिन्यात या मातीच्या गोळ्यांचे कार्यक्रम होतात. गोळे वळतात, उन्हात कडकडीत वाळवतात आणि जून-जुलैत फेकतात. मासानोबू फुकुओका या जपानी शेतकऱ्याने ही जुनी रीत जगासमोर आणली, ती मुख्यतः धान्य-भाजीपाल्यासारख्या वाळवून टिकणाऱ्या बियांसाठी. आपण त्यात जांभूळ, फणस, आंबा घालतो आणि उन्हात ठेवतो. मातीचा गोळा वाळताना बीमधलंही पाणी शोषून घेतो. फेकण्याच्या दिवशी त्यातल्या बहुतेक गोळ्यांत मेलेलं बी असतं. मुलांनी मनापासून केलेलं काम असं वाया जाताना पाहून मला अतिशय वाईट वाटतं, कारण त्याच मुलांना त्याच बिया त्याच दिवशी पिशवीत टोकायला सांगितल्या असत्या तर पुढच्या वर्षी शाळेकडे रोपं असती.

तिसरा आक्षेप वाढीचा. बियांपासून केलेलं झाड फार हळू वाढतं, बकुळीचं रोप पहिल्या वर्षी जेमतेम वीतभर होतं, मग मोठं रोप विकत का घेऊ नये? वीतभर होतं हे खरं आहे. पण जमिनीखाली काय चाललंय ते पाहिलं पाहिजे. ही झाडं आधी सोटमूळ खाली सोडतात आणि मग वर पाहतात. वर चार पानं असलेल्या जांभळाचं मूळ त्याच्या उंचीहून लांब असू शकतं. विकतचं सहा-आठ फुटी रोप लहानशा काळ्या पिशवीत उभं असतं. ते तिथे एवढं झालं म्हणजे त्याचं मूळ पिशवीच्या बुडाला टेकून वळलं, भिंतीला घासत गोल फिरलं आणि वेटोळं होऊन बसलं. तसंच जमिनीत लावलं तर वेटोळं सुटत नाही, जाड होत जातं. झाड काही वर्षं उभं राहतं आणि एखाद्या वादळी पावसात बुडापासून आडवं होतं. उंच रोप लावल्यावर वर्ष-दोन वर्षं रुसून बसतं, तुटलेली मुळं भरून काढतं. लहान वयात लावलेलं रोप त्या काळात जमीन धरतं आणि पुढे अनेकदा त्याला गाठतं. मग उंचीचे पैसे मोजून आपण नेमकं काय विकत घेतलं?

घरी हा दोष टाळणं सोपं आहे. लिटरभर तेलाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन, तिचं बूड कापून, मातीने भरून दोन विटांच्या फटीवर किंवा जाळीवर उभी करावी. मूळ खाली पोचलं की हवेला लागून टोकाशी थांबतं, वेटोळं घालत नाही, आणि मागून नवी उपमुळं फुटतात. रोपवाटिकेत लाखभर पिशव्यांना हा लाड परवडत नाही. दहा पिशव्यांना परवडतो.

‘फ्लॅटमध्ये ऊन येत नाही’ हे तर सदाहरित झाडांच्या बाबतीत कारणच होऊ शकत नाही. भीमाशंकर किंवा आंबोलीच्या रानात भर दुपारी शिरून पाहा, जमिनीवर उन्हाचे कवडसे तेवढे असतात. ही रोपं तिथे आईच्या सावलीत पहिली काही वर्षं काढतात. गुलाबाला, मोगऱ्याला जी गॅलरी नकोशी असते, जिथे सकाळचं तासभर ऊन येतं आणि दिवसभर उजेड असतो, ती जागा जांभळाच्या, उंडीच्या, कोकमाच्या लहान रोपाला उघड्या गच्चीपेक्षा जास्त मानवते. लावायच्या आधीचे दोन महिने मात्र त्यांना हळूहळू उन्हाची सवय करावी लागते. ती न करता थेट माळावर नेलेलं रोप पानं भाजून मरतं.

बागायतदार मंडळींचा आक्षेप वेगळा आहे. बियांपासून केलं की फळाची खात्री नाही, कलमच लावावं. हापूसची बाग करायची असेल तर हे शंभर टक्के मान्य. कोकमाच्या बाबतीत तर त्यांची तक्रार रास्त आहे. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून केलेल्या रोपांतली निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखे वाण निवडून दिले ते यासाठीच. पण प्रश्न फळबागेचा नसून झाडाचा असेल, तेव्हा हाच आक्षेप उलटा पडतो. नर झाडं सगळीच काढली तर माद्यांना परागकण कुठून मिळणार? आणि एकाच झाडाच्या फांद्यांवरून केलेली हजार कलमं म्हणजे एकच झाड हजार वेळा लावलेलं. एखादा रोग आला की सगळी एकदम आजारी. जांभळापुरती तर भीतीही कमीच, कारण एका बीतून येणाऱ्या अनेक कोंबांपैकी काही आईच्याच पेशींतून उगवलेले, म्हणजे आईची हुबेहूब प्रत असतात. बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळाचं बी पेरणारा माणूस अगदीच जुगार खेळत नसतो.

आतापर्यंतच्या आक्षेपांपैकी बहुतेक मला अमान्य आहेत. आणखी दोन आहेत ते मात्र मान्य आहेत, आणि त्यांना बगल देणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

एक, घरी रोपं करणारे बहुतेक जण एकाच झाडाखालचं बी उचलतात, आणि ते झाड स्वतः कुठल्यातरी बागेतून आलेलं असतं. सगळ्या गल्लीत एकाच जांभळाची लेकरं लागली तर कलमांवर मी वर घेतलेला आक्षेप माझ्यावरच उलटतो. यावर उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. वेगवेगळ्या झाडांखालचं थोडं थोडं बी घ्यावं, दुसऱ्या गावच्या माणसाशी रोपांची अदलाबदल करावी. अभयारण्यातलं बी उचलू नये. ते धनेशांचं, उदमांजरांचं, वटवाघळांचं आहे, आणि कायद्यालाही ते मंजूर नाही. रस्त्याकडेची, परसातली, देवळालगतची जुनी झाडं पुरेशी आहेत. तिथलं बी जमिनीवर पडून वाहनांच्या चाकांखाली चिरडलं जातं, डांबरावर जांभळे डाग तेवढे उरतात. त्याचा वापर करायला रान ओरबाडायची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सदाहरित झाडं सगळीकडे लावायची नसतात. सासवड, बारामती, शिरूरकडचे गवताळ माळ हे ओसाड नाहीत, ते तसेच असायला हवेत. तिथे माळढोक होता, तिथे लांडगा आहे, तिथे मेंढपाळ जगतात. त्या माळावर जांभूळ आणि उंडी लावणं हे पर्यावरणाचं काम नव्हे, नासधूस आहे. पुण्याच्या टेकड्यांच्या उथळ मुरमाड माथ्यावरही सीताअशोक लावून त्याला टँकरने पाणी घालण्यात अर्थ नाही. कोणत्या गावात कोणतं झाड, याचं उत्तर शोधायला फार दूर जावं लागत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि आजूबाजूचं रान गेल्यावरही देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत मूळची झाडं कशी टिकली आहेत हे अभ्यासकांसमोर ठेवलं. तुमच्या गावाजवळची देवराई पाहा. तिथे जे उभं आहे ते तुमच्या मातीतलं आहे. तिथे सदाहरित झाडं नसतील तर घरच्या पिशव्यांत पळस-पांगारा पेरा. माझ्या म्हणण्याला त्याने बाध येत नाही. पण मुळशी, भोर, वेल्हे, महाबळेश्वरचा उतार, सगळं कोकण, आणि जिथे माणसाने आधीच माती, पाणी आणि सावली आणून ठेवली आहे अशी मुंबई-पुण्यातली आवारं, शाळा, ओढ्यांचे काठ, या जागा कमी नाहीत.

आणि हो, ‘दहा रोपांनी काय होणार?’ हा प्रश्न. मला तो प्रश्न नेहमी उलटा विचारावासा वाटतो. सुरंगीची दहा रोपं तुमच्या तालुक्यात गेल्या वर्षी कोणी केली? मार्च-एप्रिलमध्ये वेंगुर्ले-सावंतवाडीकडे सुरंगीच्या कळ्या पहाटे फांद्यांवर चढून काढतात, वळेसर होतात, वाळवलेल्या कळ्या अत्तरासाठी बाहेर जातात. कळी काढली की फळ धरत नाही, आणि फळ नाही तर बीही नाही. ज्या झाडाच्या फुलाला इतकी मागणी आहे, त्याच्या खाली नवं रोप दिसणं दुर्मीळ होणार हे उघड आहे. तिथे एका घराने चार फांद्या तोडणीविना सोडल्या आणि त्यांचं बी परसात पेरलं तर ती दहा रोपं मोहिमेतल्या कोटींपेक्षा जास्त मोलाची ठरतात, कारण ती दुसरं कोणीच करत नाही.

रोपवाटिकांशी माझं भांडण नाही, त्यांच्याकडून मागणं आहे. पालिकांच्या आणि वनखात्याच्या रोपवाटिकांनी आपल्या हद्दीतल्या जुन्या जांभूळ, बकुळ, उंडी, अशोकांची यादी करावी, त्यांच्या फळांच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि झाडाखालचं बी त्याच आठवड्यात लोकांना वाटावं. राज्याच्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं. त्यातलं एखादं तोडायची परवानगी देणं खरोखर भाग असेल, तर आधी त्याचा एक फळांचा हंगाम जाऊ द्यावा आणि त्याचं बी उतरवून घ्यावं. त्याच्या बदल्यात जी झाडं लावायची, त्यांत त्याची स्वतःची रोपं असावीत. आणि एखाद्या शाळेने, एखाद्या आजींनी गॅलरीत वर्षभर वाढवलेलं वीत-दोन वीत उंचीचं निरोगी रोप आणून दिलं, तर ‘उंची कमी आहे’ म्हणून ते परत पाठवू नये. पिशवी उघडून त्याचं मूळ पाहावं. या कामासाठी निविदा काढावी लागत नाही. फक्त जूनमध्ये पडलेल्या जांभळाच्या बीचं वाटप ऑगस्टमधल्या कार्यक्रमाची वाट पाहत थांबवायचं नाही, एवढं कार्यालयांना जमवावं लागेल.